आनंदीबाई पडायला शिकतात

माणूस ज्याला अडखळून पडतं, ती वस्तू निदान जागेवर असावी एवढी साधी अपेक्षा असते. दगड, पायपुसणं, पोरांचा बॉल, काहीही चालेल. आनंदीबाई मयेकर मात्र उंबऱ्याला अडखळून पडल्या, आणि त्या घराला उंबराच नव्हता.

त्याचं असं झालं. लालबागच्या सामंत चाळीत त्यांच्या खोलीला चार बोटं उंच सागवानी उंबरा होता. लग्न होऊन आल्या दिवसापासून चाळ पाडेपर्यंत तो त्यांनी किती वेळा ओलांडला असेल याचा हिशेब नाही. कधी हातात कळशी, कधी कडेवर हितेंद्र, कधी दोन्ही. पाय आपला आपण उचलला जायचा, डोक्याला विचारायची गरज पडत नसे. पुढे चाळीच्या जागेवर सत्तावीस मजल्यांची ‘रवळनाथ हाइट्स’ उभी राहिली आणि आनंदीबाईंना सोळाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. आत आरसा वाटाव्यात अशा लाद्या, आणि दारात उंबऱ्याच्या नावाखाली काळ्या दगडाची एक सपाट पट्टी. डोक्याला हे समजलं होतं. पायाला कोणी कळवलं नव्हतं. एका मंगळवारी दळणाचा डबा घेऊन आत येताना पाय सवयीने उंबऱ्याएवढा वर गेला, पलीकडे टेकताना अंदाज चुकला आणि बाई डब्यासकट आडव्या झाल्या.

लागलं म्हणाल तर कोपराला खरचटलं, एवढंच. खरी गंमत पुढेच होती. आनंदीबाईंना उठता येईना. ज्या बाईने चाळीच्या नळावरून तीन जिने हंडे चढवले, पाट्यावर वाटणं वाटली, गौरीच्या रात्री भल्याभल्यांना फुगडीत घुमवलं, ती बाई स्वतःच्या दारात तांदळाच्या पिठात पडून छताकडे बघत होती. दार उघडं होतं, त्यामुळे बघायला सगळा मजला आला. कोणी म्हणालं पाणी द्या, कोणी म्हणालं पाणी अजिबात देऊ नका. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले, आणि सोसायटीचे सेक्रेटरी प्रफुल्ल नाईक यांनी “एक, दोन, तीन” म्हटल्यावर चौघांनी चार दिशांना ओढलं. त्या गडबडीत गाऊन गुडघ्याच्या वर गेला. पडल्याचं दुःख आनंदीबाई त्याच संध्याकाळी विसरल्या, पण गाऊनचं विसरल्या नाहीत.

रात्री जेवायच्या आधीच मुलगा हितेंद्र घोडबंदर रोडहून हजर झाला.

“आता पुरे झालं, आई. आमच्याकडे चल. सीमाने खोली तयार ठेवलीय. बाथरूमला दांडे बसवलेत.”

“दांडे कशाला? मी काय मल्लखांब करणार आहे?”

“चेष्टा नको. परत एकदा पडलीस ना, की मी काही ऐकून घेणार नाही. बॅग भरायची आणि निघायचं.”

आनंदीबाईंनी त्याला ताट वाढलं. घोडबंदरचं घर चांगलं होतं. सीमाही चांगली होती. पण तिथे त्यांना खाली उतरून हाक मारावी असं कोणी नव्हतं. इथे समोरच्या दारात शेवंती होती, जी चाळीतही समोरच्याच दारात होती. बाजारात बांगडा कसा कापून हवा हे न सांगता कळणारी कोळीण होती. चाळ गेली तरी तिच्यातली माणसं उभ्या रांगेत रचून ठेवल्यासारखी याच इमारतीत राहत होती. या वयात नवीन माणसं जोडायची म्हणजे स्वतःची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगत बसायचं, आणि आनंदीबाईंना तेवढा उरक उरला नव्हता. तेव्हा त्यांनी ठरवलं, की यापुढे पडायचं नाही.

न पडण्याबद्दल सल्ला देणाऱ्यांची इमारतीत कमतरता नव्हती. शेवंतीने आधी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. नवव्या मजल्यावरच्या बाईंनी नाचणीचं सत्त्व पाठवलं. दादरच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या मृणालिनीताई तळव्याला रबराचे ठिपके असलेले मोजे घेऊन आल्या. ते मोजे इतके चांगले होते, की ते घातल्यावर घसरणं तर सोडाच, पाऊलही पुढे सरकेना. आनंदीबाई स्वयंपाकघरात एका जागी उभ्या राहिल्या आणि दूध उतू गेलेलं लांबूनच पाहत राहिल्या.

मग व्यायाम करू असं ठरलं. सोसायटीला व्यायामशाळा होती, काचेची, थंडगार. प्रफुल्लने अर्ज पुढे सरकवला.

“काकू, पासष्टच्या वरच्यांना पालकाची सही लागते.”

“कोणाच्या पालकाची?”

“तुमच्या.”

“अरे, माझे आईवडील जाऊन तीस वर्षं झाली.”

प्रफुल्लने अर्ज उलटसुलट करून पाहिला. दुसऱ्या एका सोसायटीच्या मुलांच्या पोहण्याच्या वर्गाचा तो अर्ज होता. कमिटीने ‘पंधराच्या खाली’ खोडून ‘पासष्टच्या वर’ केलं होतं आणि बाकीचं वाचायला कोणाला वेळ झाला नव्हता. “मुलाची चालेल,” तो उदारपणे म्हणाला. “हितेंद्रची आणा.”

पडू नये म्हणून चाललेली धडपड हितेंद्रच्याच सहीसाठी न्यायची म्हणजे आपल्या हाताने बॅग भरण्यासारखंच होतं. आनंदीबाई अर्ज घडी करून परत आल्या. हे सगळं खाली बाकावर बसलेले अप्पा घाडी ऐकत होते.

अप्पा एकेकाळी गिरणीच्या संघातून कबड्डी खेळत. त्यांच्या एका चढाईची कथा लालबागमध्ये सगळ्यांना पाठ होती. सांगताना दर वेळी त्यांना धरणारे खेळाडू एकाने वाढत. अंगाने वाळले होते, पण बाकावर बसतानाही अजून कोणीतरी पकड करील अशा बेताने बसत.

“आनंदीबाय, तुमचं मुळातच चुकतंय,” ते म्हणाले. “न पडायची खात्री कोण देणार? मी मैदानात रोज पडलो. आयुष्यात एकच बोट मोडलं, तेसुद्धा कपाटाच्या दारात. का? तर आम्हाला पहिला महिना पडायलाच शिकवायचे. चढाई नंतर. तुम्ही पडायला शिका. पडायला आलं की भीती जाते, आणि भीती गेली की माणूस सरळ चालतं.”

आनंदीबाई यावर दोन दिवस विचार करत होत्या. आपण त्या मंगळवारपासून कशा चालतोय हे त्यांनी स्वतःशी पाहिलं. भिंतीला हात लावून, नजर पायाशी, पावलं बोटभर. पडण्याच्या भीतीने त्या आधीच अर्ध्या वाकल्या होत्या. चाळीत कोणी व्यायाम केला नाही. पण दिवसातून वीसदा जमिनीवर बसायचं आणि उठायचं, भाजी निवडायला, जेवायला, पोराला मांडीवर घ्यायला. अंग आपोआप तयार राहत होतं. मग खुर्ची आली, ओटा आला, डायनिंग टेबल आलं, आणि जमीन हळूहळू परकी झाली. आता ती फक्त पडल्यावरच भेटत होती. अशी ओळख तुटलेली जमीन भेटली की माणूस घाबरणारच.

“तुका येड लागला की काय गो?” शेवंती म्हणाली. “ह्या वयात पडूक शिकतंस?”

“तू पण चल.”

“माका नको. मी आपली उभी बरी.”

जागेचा प्रश्न होता. सोसायटीचा हॉल दुपारी रिकामा असे, पण धार्मिक कार्यक्रमालाच फुकट मिळे. आनंदीबाईंनी हॉलच्या अर्जात ‘भजन’ लिहायचं ठरवलं. मृणालिनीताईंना पडणं शिकायचं होतं, पण खोटं लिहिणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात ‘भजन व इतर’ असं लिहिलं आणि त्यांच्या मनाचं समाधान झालं. ते ‘इतर’ हॉलमध्ये घडत असताना भजन ऐकू यावं म्हणून शेवंतीला झांजा देऊन खुर्चीवर बसवलं. माळ्यावरच्या जुन्या कापसाच्या गाद्या खाली आल्या.

पहिल्या दिवशी अप्पांनी स्वतः पडून दाखवलं. खरं सांगायचं तर फार सुंदर पडले. हनुवटी छातीला, हात आत, अंगाचा गोळा, मांडीवरून खांद्यावर, जणू कोणी अलगद उतरवून ठेवलं. दोघींनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी टाळ्या स्वीकारल्या आणि उठायला गेले, तर कमरेत उसण भरली.

आनंदीबाईंनी एक काख धरली, मृणालिनीताईंनी दुसरी. शेवंतीचं भजन घाबरून दुप्पट वेगाने चालू झालं.

“ओढू नका!” अप्पा ओरडले. “अहो, ओढू नका! आधी मला वळू दे! कुशीवर वळलो की मग कोपर टेकतो, मग रांगतो, मग खुर्ची द्या. घाई कोणाला आहे इथे?”

गुरुजींना उठवण्यात पहिला दिवस गेला. पण त्या दिवशी आनंदीबाईंना एक गोष्ट समजली. त्या मंगळवारी चौघांनी चार बाजूंना ओढलं, त्या वेळी आपल्याला वळायला कोणी वेळच दिला नव्हता. पडलेल्या माणसाला उचलायची लोकांना फार घाई असते. त्याला लागलंय म्हणून नव्हे, तर पडलेलं माणूस बघवत नाही म्हणून. आज अप्पांना उचलताना आपण स्वतःही तशीच घाई केली होती.

मग वर्ग रीतसर सुरू झाला. आनंदीबाई आधी बसल्या बसल्या कलंडायला शिकल्या, मग गुडघ्यावरून, मग उभ्याने. दर वेळी अप्पा “हात टेकू नका” म्हणून ओरडत आणि दर वेळी त्यांच्या चढाईत पकडणारा एक खेळाडू वाढे. मृणालिनीताई पडण्यापूर्वी ओढणी नीट खोचत आणि गुरुत्वमध्य कुठे आहे ते मोठ्याने सांगत. तो सांगून होईपर्यंत त्या पडलेल्या असत. काही दिवसांनी आनंदीबाईंना रात्री मांड्या दुखण्याऐवजी झोप यायला लागली. एकदा पलंगाखाली गेलेला लसूण त्यांनी काठीने न ओढता सरळ खाली बसून काढला आणि मग उगाचच तिथे बसून राहिल्या. जमिनीवरून घर वेगळंच दिसत होतं, जुन्या खोलीसारखं मोठं.

इकडे शेवंतीला भजनाची गोडी लागली. पाचव्या मजल्यावरून विचारणा आली, की मंडळ बारशाला येईल का. तिने होकार देऊन टाकला आणि त्या दिवसापासून पडणाऱ्यांवर डाफरायला लागली.

“माजो ताल चुकता! पडतास तर तालात पडा!”

आणि खरोखरच त्या तालात पडायला लागल्या. अप्पांचं म्हणणं होतं, की त्यामुळे सांधे सैल राहतात.

हे असंच चाललं असतं. पण एका बारशात हॉलमधले चमचे गेले, आणि कमिटीने तिथे कॅमेरा बसवला. प्रफुल्लच्या मोबाइलवर हॉल दिसायला लागला. तो पहिल्याच दुपारी कमिटीला कौतुकाने दाखवत होता, तेव्हा पडद्यावर आनंदीबाई कोसळल्या. त्याने ताबडतोब हितेंद्रला ऑफिसात फोन लावला.

“हितेंद्रदादा, काकू पडल्या! हॉलमध्ये! थांबा… उठल्या. नाही, नाही, पडल्या परत. उठताहेत… बाजूला एक बाई पडली. अप्पा घाडी नुसतेच उभे आहेत हो! अरे देवा, काकू पुन्हा पडल्या!”

हितेंद्रचं ऑफिस लोअर परेलला. तो टॅक्सीने आला की धावत आला हे त्याला स्वतःलाही नंतर सांगता आलं नाही. मागे प्रफुल्ल, त्याच्या मागे सोसायटीची व्हीलचेअर ढकलत वॉचमन. दार उघडलं तेव्हा आनंदीबाई गादीवर कुशीवर होत्या.

“आई!”

“थांब रे, वळू दे आधी,” म्हणत आनंदीबाई शांतपणे कोपरावर आल्या, गुडघ्यावर आल्या, आणि उभ्या राहिल्या. गाऊनऐवजी त्यांनी सलवार-कमीज घातली होती. हितेंद्रने आईला जन्मात तशा वेशात पाहिलं नव्हतं.

“वीस मिनिटांत तू पाच वेळा पडलीस!”

“सहा. एकदा खांबाच्या मागे पडले, ते त्याला दिसलं नसेल.”

“लोकांच्या आया या वयात देवदर्शनाला जातात.”

“भजन चालू आहे ना!” शेवंतीने झांजा उचलून दाखवल्या.

“भजन व इतर,” मृणालिनीताईंनी दुरुस्ती केली.

हितेंद्र व्हीलचेअरवर बसला. त्याला धाप लागली होती. “तुम्हाला गंमत वाटते,” तो हळूच म्हणाला. “या इमारतीतून फोन आला ना, की मी लगेच उचलत नाही. रिंग वाजली की मी आधी दोन सेकंद तो नुसता हातात धरतो. तुला माहीत आहे का आई?”

आनंदीबाईंना ते माहीत नव्हतं. पडायची भीती आपल्याला एकटीलाच आहे अशी त्यांची समजूत होती. घोडबंदरला बसून दुसराही कोणीतरी रोज त्यांच्या वतीने पडत होता, आणि त्याच्याखाली गादीही नव्हती.

“गादीवरचं मी मोजत नाही,” उठताना हितेंद्र म्हणाला. “पण जमिनीवर एकदा. एकदाच पडलीस, तर मग बोलायचं नाही. कबूल?”

“कबूल,” आनंदीबाई म्हणाल्या. नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली, ‘सभागृहात पडण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’ त्याखाली कोणीतरी पेनाने लिहिलं, ‘आधी छतातलं गळणारं पाणी पडायचं थांबवा.’ यावर कमिटीची बैठक बसली, दोन गट पडले, आणि ती चर्चा पुढच्या वार्षिक सभेपर्यंत पुरली. गाद्या आनंदीबाईंच्या दिवाणखान्यात आल्या. शेवंतीचं मंडळ मात्र खरोखर उभं राहिलं आणि बारशापासून पूजेपर्यंत फिरू लागलं. पडणाऱ्या बायका त्यात नव्हत्या म्हणून काही जणांची निराशा झाली असं ऐकिवात आहे.

त्यानंतर एका गुरुवारी, दुपारचं जेवण आवरून आनंदीबाई स्वयंपाकघरात नारळ खवायला उठल्या होत्या. विळी त्यांनी अजून टाकून दिलेली नव्हती. वॉशिंग मशीनच्या नळीतून ओघळलेलं पाणी लादीवर पसरलं होतं. ते दिसावं असं काही नव्हतं, कारण लादीही पाण्यासारखीच चकचकीत होती. पाय सटकला.

अप्पांचा आवाज आठवला, धडे आठवले, असं काही झालं नाही. आठवायला वेळच नव्हता. जे केलं ते अंगाने केलं. हनुवटी आपोआप छातीला लागली, हात आत गेला, आणि आनंदीबाई मांडीवरून खांद्यावर अशा उतरल्या. नारळाची वाटी गडगडत फ्रिजखाली गेली. मग सगळं शांत झालं. सोळाव्या मजल्यावर दुपारी फार शांत असतं.

त्या पडून राहिल्या. आधी बोटं हलवली, मग पाय. मांडी हुळहुळत होती, उद्या काळीनिळी होणार हे नक्की. छताला एका कोपऱ्यात जळमट होतं, ते उभ्याने कधी दिसलं नव्हतं. शेवंतीला हाक मारली असती तर ती आली असती. त्यांनी मारली नाही. रागाने नव्हे, घमेंडीनेही नव्हे. त्यांना फक्त बघायचं होतं. त्या कुशीवर वळल्या. कोपरावर आल्या. तिथे थोडं थांबल्या, कारण डोकं गरगरत होतं. मग रांगत कोरड्या लादीवर गेल्या, ओट्याजवळची खुर्ची ओढली, एक पाय पुढे घेतला आणि उभ्या राहिल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी फडक्याने पाणी पुसलं आणि चहाचं आधण ठेवलं.

आणि मग, चहा उकळत असताना, त्यांना कळून चुकलं की घरात कॅमेरा नाही.

हे कोणालाच कळलं नव्हतं. कधी कळणारही नव्हतं. जमिनीवर एकदाच, असं ठरलं होतं, आणि ते एकदा आता होऊन गेलं होतं. गप्प बसलं की लालबाग, शेवंती, बांगडेवाली, सगळं जागच्या जागी राहणार होतं. आनंदीबाईंनी चहा गाळला, पण घेतला नाही. दोन सेकंद फोन हातात धरून उभा राहणारा हितेंद्र डोळ्यांसमोरून जाईना. आज आपण लपवलं, तर त्याची ती दोन सेकंदं कधीच संपणार नाहीत. उठता येतं हे त्याला कधी कळणारच नाही. तो रोज आपला मनातल्या मनात पाडत राहील आईला, आणि उठवायला त्याला जमणार नाही.

त्यांनी फोन लावला. हितेंद्रने त्या दिवशी सुट्टी घेतली होती, तो घरीच होता.

“आई? काय झालं?”

“पडले होते. स्वयंपाकघरात. गादी नव्हती.”

त्याने काही विचारायच्या आत त्या पुढे बोलल्या.

“लागलं नाही. मांडी दुखतेय थोडी. उठले, पाणी पुसलं, चहा केला. आता तुला फोन करतेय.”

“कोणी उठवलं?”

“कोणी नाही.”

 आनंदीबाईंनी डोळे मिटले. “ठरल्याप्रमाणे बॅग भरते,” त्या म्हणाल्या. “रविवारी ये न्यायला.”

 पलीकडून हितेंद्रचा श्वास ऐकू येत होता, आणि तो हळूहळू सावकाश होत गेला.

“नको भरूस,” तो शेवटी म्हणाला. “रविवारी येतो, पण जेवायला येतो.” मग थोडं अडखळत, “आई, पण तू उठलीस कशी?”

“आधी वळायचं कुशीवर. मग कोपर.”

“थांब. थांब जरा.” फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. सीमाचं “अहो, हे काय, जमिनीवर का झोपलात?” असं लांबून ऐकू आलं. मग काहीतरी सरकलं, हितेंद्र कण्हला, आणि पुन्हा त्याचा आवाज आला, जमिनीलगतच्या माणसाचा असतो तसा दबलेला.

“कुशीवर आलो. गुडघा येत नाहीये खाली. पोट मध्ये येतंय.”

“येईल. ओढू नकोस. सीमालाही ओढू देऊ नकोस.”

“आता कोपर टेकलं. आता काय करू?”

आनंदीबाई खुर्चीवर टेकल्या, चहाचा कप जवळ ओढला आणि मुलाला म्हणाल्या, “आता काही करू नकोस. थोडा वेळ तसाच राहा. घाई कोणाला आहे?”